एमआरआयमध्ये 'गॅप', बोट मात्र भलतीकडेच : सॅक्रम आणि एसआय सांधा

पांदणवाट | शनिवार, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार. वय ४६, बैठी नोकरी, मुक्काम नागपूर.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला आणि झाला तो असा, की कडेच्या मातीपेक्षा चांगला वीतभर उंच. रात्री जेवून शतपावली करत होतो. मागून गाडी आली म्हणून कडेला झालो, तर जिथं जमीन असायला पाहिजे तिथं ती नव्हतीच. उजवा पाय ताठ, गुडघा सरळ, सगळा भार टाचेवर. पडलो नाही, पाय मुरगळला नाही. कमरेत खाली कुठंतरी टक् झाल्यासारखं वाटलं आणि मी स्वतःवरच हसत घरी आलो. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठताना ते हसू पार जिरलं.

तीन महिने होत आले. चालताना फार नाही, पण खुर्चीतून उठताना, झोपेत कूस बदलताना, गाडीवर टांग टाकताना आणि एका पायावर उभं राहून पँट चढवताना (हे सगळ्यात वाईट) कळ येते. एमआरआय झाला. 'एल-४ एल-५ ला बल्ज' असं लिहून आलं, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती जरा फुगलेली. मग काय, घरी-ऑफिसात सगळ्यांनी एकमतानं 'मणक्यात गॅप' जाहीर केला. कमरेला पट्टा आला, गादी गेली, जमिनीवर झोपणं आलं.

मागच्या आठवड्यात एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिनं विचारलं, कुठं दुखतं? मी पंजानं कंबर चोळून दाखवली. ती म्हणाली, "हात नको काका, एक बोट." बोट ठेवलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. ते मणक्यावर नव्हतंच. कमरेखाली दोन्हीकडे खळ्या असतात ना, त्यातल्या उजव्या खळीच्या किंचित खाली, आतल्या अंगाला. ती म्हणाली, हा एसआय जॉइंट असू शकतो.

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. तिथं नेमकं कोणतं हाड असतं? माकडहाड म्हणतात ते हेच का? आणि सांधा म्हणजे गुडघ्यासारखा हलतो का?

---

तर्री_मार_के | शनिवार, रात्री १०.०५

रुमाल टाकून ठेवतो. धागा वाचता वाचता माझंही बोट तिथंच जाऊन राहिलं बे.

---

जुना इतवारी | शनिवार, रात्री १०.४०

भाऊ, ह्याले उसण भरली म्हणतात. एमआरआय-फेमआरआय काही लागत नाही. आमच्या लहानपणी पायाळू माणसाले बोलावत. तो कमरेले पाय लावे अन् माणूस उठून चालू लागे. आता पायाळू कुठून आणता, सगळे सिझेरियननं होऊन राहिले. पण हाड बसवणारे अजून आहेत जी. एका झटक्यात 'कट्' आवाज येते अन् सरकलेलं हाड जागेवर. मी स्वतः दोनदा बसवून घेतलं.

---

चुन्याची निवळी | रविवार, सकाळी ७.३०

पांदणवाट, तुमचा प्रश्न वाचला आणि झोपेतून उठून कपाट उघडलं. २६ वर्षं पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवली, आता निवृत्त आहे. माझ्या विद्यार्थिदशेत हाडांचा अर्धा संच सीनियरकडून विकत घ्यायची पद्धत होती. माझा संच बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात यायचा आणि वसतिगृहात पलंगाखाली राहायचा. त्यातल्या सॅक्रमचा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साचा काढला होता. तोच समोर ठेवून लिहिते आहे.

आधी माकडहाडाचा गोंधळ. माकडहाड म्हणजे सगळ्यात खालची तीन-चार (क्वचित पाच) मण्यांची शेपटी, कॉक्सिक्स. आपटून बसलात तर दुखतं ते. सॅक्रम त्याच्या वर. मराठीत त्रिकास्थी. आपले बहुतेक लोक सॅक्रमवर हात ठेवून 'माकडहाड दुखतं' म्हणतात, ते चूक आहे.

सॅक्रम हे जन्मतः एक हाड नसतंच. पाच वेगळे मणके असतात. वयात येताना ते जुळायला लागतात आणि पंचविशी-तिशीपर्यंत एकसंध त्रिकोण होतो, रुंद बाजू वर आणि टोक खाली. ओंजळीत धरलं तर पोटाकडची बाजू गुळगुळीत आणि खोलगट लागते, कोयरीच्या आतल्या बाजूसारखी. तिच्यावर चार आडव्या रेषा दिसतात. पाच मणके जुळल्याच्या खुणा त्या. प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना एकेक भोक. पाठीकडेही तशीच चार जोड्या. पुढच्या भोकांतून बाहेर येणाऱ्या नसा पायाकडे जाणाऱ्या जाड सायटिक नसेत मिसळतात. दुसऱ्या ते चौथ्या जोडीतल्या तंतूंवर लघवी-शौचाचा ताबा असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उलटं केलं की पाठीची बाजू. बोट फिरवलं तर बाभळीच्या सालीवरून फिरवल्यासारखं वाटतं. उंचवटे, कंगोरे, खाचा. हे सगळे स्नायू आणि अस्थिबंध (लिगामेंट) धरून ठेवायचे खुंटे. मधून पाठीच्या कण्याचा पोकळ बोगदा खालपर्यंत येतो आणि टोकाजवळ उघडा पडतो. त्या उघड्या फटीतून भूलतज्ज्ञ इंजेक्शन देतात, त्याला कॉडल म्हणतात.

(एक आठवण. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले एक परीक्षक सॅक्रम हातात देऊन गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "कोणत्या बाजूचं?" घाबरलेला पोरगा हमखास 'उजव्या' म्हणायचा. मधल्या हाडाला कसली आली बाजू!)

आता तुमचं बोट जिथं गेलं ती जागा. सॅक्रमच्या दोन्ही कडांवर वरच्या अंगाला, साधारण पहिल्या तीन मण्यांच्या उंचीवर, कानाच्या आकाराचा एक पृष्ठभाग असतो. अगदी कानाच्या पाळीसकट. समोर कमरेच्या पंखासारख्या हाडावर, म्हणजे इलियमवर, तसाच दुसरा कान. दोन कान एकमेकांना चिकटले की सॅक्रोइलियाक सांधा, थोडक्यात एसआय.

लहान मुलात हे दोन्ही पृष्ठभाग सपाट असतात. वयात आल्यावर त्यांच्यावर उंचवटे आणि खळगे तयार होतात, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात. जात्याला टाकी लावून घेतल्यावर पाळ्या जशा खडबडीत होतात, तसा हात लागतो. फरक इतकाच की जातं फिरवायला टाकी लावतात आणि इथला खडबडीतपणा फिरू नये म्हणून आहे.

सांध्याचा पुढचा भाग खरा सांधा, कूर्चा आणि वंगण असलेला. मागचा भाग म्हणजे दोन हाडांमध्ये ठासून भरलेले अस्थिबंध, शरीरातल्या सगळ्यात मजबूत अस्थिबंधांपैकी. ते काय करतात हे समजायला घरची सुंभानं विणलेली बाज आठवा. बाजेवर माणूस बसला की सुंभ खाली ताणला जातो आणि दोन्हीकडच्या दांड्या आत ओढल्या जातात. धडाचा भार सॅक्रमवर आला की नेमकं हेच होतं. ते किंचित खाली-पुढे झुकतं, मागचे अस्थिबंध ताणले जातात आणि दोन्हीकडची हाडं आत येऊन त्याला चिमटीत धरतात. जितका भार तितकी पकड.

हलतो का? हलतो, पण तुम्हाला दिसेल इतका नाही. १९८९ मध्ये स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी हाडांत टॅन्टलम धातूचे बारीक गोळे बसवून एक्स-रेनं मोजणी केली. उठ-बस, उभं-आडवं सगळं करून सरासरी फिरणं आलं २.५ अंश आणि सरकणं ०.७ मिलिमीटर. पोस्टकार्डच्या जाडीच्या दोन-तीनपट म्हणा. ज्याला कमी हलायचं असतं तो झटक्यानं चिडतो. गुडघा सरळ ठेवून टाच आपटली की मांडीचं हाड, खुबा आणि इलियम अशा सरळ रेषेत धक्का एकाच बाजूनं वर जातो. तुमच्या सिमेंट रस्त्यानं तेच केलं.

---

जुना इतवारी | रविवार, सकाळी ९.१०

म्याडम, ०.७ मिलिमीटर तं ०.७. तेवढंच सरकलं असंन. बसवणारा तेवढंच बसवते. आवाज येते तो काय खोटा हाय?

---

चुन्याची निवळी | रविवार, सकाळी ११.००

आवाज खरा आहे. बोटं मोडल्यावर येतो तोच, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. हाड जागेवर बसल्याचा नाही. तुमचा प्रश्न १९९८ मध्ये टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी तपासला. दहा रुग्ण घेतले, हाताळणाऱ्यांना आधी 'हाड सरकलंय' असं वाटलं, हाताळल्यावर 'बसलं' असंही वाटलं. त्याच गोळे-एक्स-रे पद्धतीनं मोजलं तर हाडांची जागा तसूभरही बदलली नव्हती.

बरं वाटतं हे मी नाकारत नाही. स्नायूंचा ताण काही वेळ सुटतो. पण 'सरकलं होतं, बसलं' ही गोष्ट माणसाला आयुष्यभर बसवणाऱ्याच्या दारात उभं करते. माझा राग त्या गोष्टीवर आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंत, दोनदा बसवून घेतलं म्हणून.

---

त्रिफळा | रविवार, दुपारी १२.२०

नावाबद्दल एक भर. कणा आणि दोन्ही बाजूंची नितंबाची हाडं अशा तिघांची भेट होते म्हणून त्रिक, असा अर्थ आमच्याकडे आयुर्वेदात शिकवतात. सुश्रुतानं श्रोणीत पाच हाडं मोजली, त्यातलं एक त्रिकाचं. पाच मणके जुळलेलं हाड त्यानं एकच धरलं हे मला फार आवडतं. आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना, जघनाच्या मागे, 'फार खोल नसलेल्या' दोन खळग्यांत कुकुंदर मर्म सांगितलंय. तिथं इजा झाली तर खालच्या अंगाची संवेदना आणि हालचाल जाते, असं लक्षण. हे खळगे म्हणजे पांदणवाट यांच्या खळ्या की आणखी खालची जागा, यावर आमच्यात वाद आहेत, पण सांगण्याचा मोह आवरला नाही.

युरोपातही नाव गमतीशीर आहे. सॅक्रम म्हणजे लॅटिनमध्ये पवित्र.

---

तर्री_मार_के | रविवार, दुपारी १२.३५

म्हणजे आम्ही दिवसभर पवित्र हाडावर बसून राहिलो. उद्यापासून ऑफिसात आसन मांडतो.

---

मृद्गंधा | रविवार, दुपारी ३.१५

माझा अनुभव. सातव्या महिन्यापासून हीच जागा. पलंगावर कूस बदलायची म्हणजे नवऱ्याला हाक मारायची. मुलगी आता पाच महिन्यांची, दुखणं कमी झालंय पण गेलं नाही. सासूबाईंचं आणि शेजारच्या सगळ्या बायकांचं ठाम मत आहे की सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनमुळे. खरंच का?

---

कवायत | रविवार, सायंकाळी ६.४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे (पांदणवाट ज्यांच्याकडे गेले ती मी नव्हे).

मृद्गंधा, तुमचं दुखणं सातव्या महिन्यात सुरू झालं, इंजेक्शन नवव्या महिन्यात मिळालं. उत्तर यातच आहे. ती सुई कमरेच्या हाडाच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास, म्हणजे खळ्यांच्या बरीच वर जाते. सुई टोचलेली जागा काही दिवस ठणकते, पुढे महिनोन् महिने दुखण्याचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. गरोदरपणात बाळाला वाट मिळावी म्हणून कटीचे अस्थिबंध सैलावतात, वर पोटाचा भार पुढे सरकतो. निवळीताईंची बाज आठवा, तिचा सुंभ ढिला झाला. आणि बाळंतपणानंतर आपण काय करतो? बाळ एका कडेवर, कंबर एका अंगाला. सगळा दिवस.

बहुतेक जणींचं हळूहळू कमी होतं. तोवर रात्री गुडघ्यांमध्ये उशी, कूस बदलताना दोन्ही गुडघे जोडून एकदम वळणं, पायऱ्या एकेक. एसआयचा पट्टा मिळतो, तो कमरेला नाही, त्याच्या खाली खुब्यांच्या वर घट्ट बांधायचा. पांदणवाट, तुम्ही तीन महिने जो रुंद पट्टा पोटावर आवळून फिरताय तो या सांध्यापर्यंत पोचतच नाही.

---

पांदणवाट | रविवार, रात्री ८.००

म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर फुकट घाम गाळला म्हणायचा. कवायत, पण माझं एसआयचंच आहे हे नक्की कसं ठरतं? आणि एमआरआयमधल्या बल्जचं काय करू?

---

कवायत | रविवार, रात्री ९.२५

एका चाचणीनं ठरत नाही. आडवं झोपवून गुडघा दुमडून मांडीतून खाली दाब देणं, कमरेची हाडं बाहेर ढकलणं, कुशीवर झोपवून आत दाबणं, पालथं झोपवून सॅक्रमवर दाब, एक पाय पोटाशी आणि दुसरा पलंगाखाली सोडणं. अशा पाचांपैकी तीन किंवा जास्त वेळा 'हो, हेच माझं दुखणं' असं तुम्ही म्हणालात तर संशय पक्का. खात्री हवी तर यंत्रात बघत सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात. ते सगळ्यांना लागत नाही.

दुखणं कुल्ल्यात, मांडीच्या मागे उतरतं. गुडघ्याखाली पोटरी-पंजापर्यंत वीज गेल्यासारखी जात असेल तर नसेचा विचार आधी.

बल्ज? चाळिशी ओलांडलेल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही तो ढिगानं सापडतो.

---

चुन्याची निवळी | रविवार, रात्री १०.१०

या बल्जच्या राज्याचा इतिहास मजेशीर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलटं होतं. १९०५ मध्ये गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी कटीच्या सांध्यांवर लिहिलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं कंबर आणि सायटिका म्हटलं की बोट एसआयकडे. मग १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली चकती नस दाबते हे दाखवून दिलं आणि एसआयचा सांधा जवळजवळ अडगळीत गेला. आज जुनाट कंबरदुखीपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांत मूळ या सांध्यात असतं असं मानतात. म्हणजे बहुतेकांत नसतं, हेही तितकंच खरं. उद्यापासून सगळ्यांनी 'गॅप'च्या जागी 'एसआय' म्हणायला सुरुवात करू नका.

आणि आधी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, किंवा नकळत झाली, सायकलच्या सीटला टेकणारी जागा बधिर झाली, तर फोरमवर विचारू नका. मेडिकल, मेयो (नागपुरातली सरकारी रुग्णालयं), जे जवळ असेल तिथं त्याच रात्री जा.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ४.५०

निवळी मॅडम, तुमच्याशी बोलायचंच होतं. वय २४, मिहानमध्ये रात्रपाळी. दीड वर्षापासून कंबर. माझं पांदणवाट काकांच्या उलट आहे. काम केलं, चाललो की बरं वाटतं, झोपलो की वाढतं. झोपेतून उठलं की तासभर लाकूड. कधी डावा कुल्ला, कधी उजवा. एक्स-रे नॉर्मल. तीन ठिकाणी दाखवलं. बसणं कमी करा, व्हिटॅमिन डी घ्या, एवढंच. गेल्या पावसाळ्यात एक डोळा लाल होऊन खूप दुखला होता, त्याचा संबंध नसेल, पण तेही सांगून टाकतो. घरचे म्हणतात इतवारी काकांसारख्या कोणाकडून बसवून घे.

---

चुन्याची निवळी | सोमवार, सकाळी ६.१५

बाळा, संबंध आहे. बसवून घेऊ नकोस.

चाळिशीच्या आतलं वय, हळूहळू सुरुवात, विश्रांतीनं वाढणं, हालचालीनं कमी होणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, कुल्ले आलटून पालटून, आणि लाल दुखरा डोळा. हे चित्र सांध्यावर धक्का बसल्याचं नाही, सांध्याला आतून सूज आल्याचं आहे. त्याला सॅक्रोइलायटिस म्हणतात आणि त्यामागे बऱ्याचदा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या (कणा हळूहळू ताठ करणाऱ्या संधिवाताच्या) कुटुंबातला आजार असतो. एक्स-रेत हा बदल दिसायला काही वर्षं लागतात, म्हणून नॉर्मल एक्स-रेवर विसंबू नये. एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर दिसते, पण तो एसआय सांध्यांचा एमआरआय हवा. नेहमीचा कमरेच्या मणक्याचा काढला तर हा सांधा कडेला अर्धवट राहतो.

रक्तात एचएलए-बी२७ नावाची एक आनुवंशिक खूण बघतात. ती असली म्हणजे आजार आहेच असं नाही, बी२७ असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. बाकी चित्राशी जोडून वाचायची. आपल्याकडे एका बाजूचीच सूज, ताप, वजन घटणं असेल तर क्षयही डोक्यात ठेवावा लागतो.

ऑर्थोपेडिककडे नको, संधिवाततज्ज्ञाकडे जा. डोळ्याची गोष्ट पहिल्या वाक्यात सांग. वेळेत औषध आणि रोजचा व्यायाम सुरू झाला तर लोक चांगले हिंडतात-फिरतात.

---

जुना इतवारी | सोमवार, सकाळी ८.००

पोरा, म्याडम म्हणते तसंच कर. माह्यं ऐकू नको.

---

रात्रपाळी | तीन आठवड्यांनी, दुपारी २.२०

अपडेट. एमआरआयमध्ये दोन्ही एसआय सांध्यांत सूज. बी२७ पॉझिटिव्ह. गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झाले. काल सकाळी उठून मोज्यापर्यंत हात पोचला. आईनं ते दोनदा करून दाखवायला लावलं.

---

पांदणवाट | त्याच दिवशी, रात्री ९.००

रात्रपाळी, वाचून बरं वाटलं रे. माझं म्हणाल तर कवायत यांनी सांगितलेला पट्टा खाली उतरवला, कुल्ल्याचे आणि पोटाचे व्यायाम चालू आहेत, पँट खुर्चीवर बसून घालतो. निम्म्यावर आलंय. गल्लीतल्या चार घरांनी मिळून रस्त्याच्या कडेला मुरमाची ट्रॉली टाकून घेतली. वीतभराची पायरी होती, ती आता चार बोटांवर आली.

---

जुना इतवारी | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.१०

म्याडम, काल निजताना मी पण एक बोट लावून पाह्यलं. माह्यं तं खळीत नाही येत जी, चांगलं मधोमध मणक्यावर येते. आता?

---

चुन्याची निवळी | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.४५

मग तुमचा धागा वेगळा काढा.